ओक्वी एन्वेझर: कलाशाळेत न शिकलेला क्युरेटर, पुढे कलाशाळेचाच डीन

अनवट

ओक्वी एन्वेझरबद्दल सध्या मिळेल ते वाचतेय आणि एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतेय.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९६३, नायजेरियातलं कालाबार. लहानपण बियाफ्राच्या युद्धात (नायजेरियातलं यादवी युद्ध, १९६७-७०) घरं बदलत गेलं. १९८२ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि १९८७ मध्ये जवळच्या जर्सी सिटीतल्या कॉलेजातून पदवी घेतली ती राज्यशास्त्राची. चित्रकला नाही, कलेचा इतिहास नाही. कविता करायचा, कॅफेंमध्ये वाचायचा. आणि १९९८ मध्ये हाच माणूस अकराव्या डॉक्युमेंटाचा कलासंचालक म्हणून निवडला गेला! डॉक्युमेंटा म्हणजे जर्मनीतल्या कासेल शहरात १९५५ पासून भरणारं प्रदर्शन, आता दर पाच वर्षांनी शंभर दिवस चालतं आणि समकालीन कलेत त्याच्याइतका दबदबा फारच थोड्या प्रदर्शनांचा आहे. युरोपबाहेरचा पहिला संचालक हाच. पुढे २०१५ चं व्हेनिस बिएनालेही (बिएनाले म्हणजे साधारण दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) त्याने केलं, ही दोन्ही करणारा त्याच्याआधी फक्त स्विस क्युरेटर हाराल्ड झेमान. मधल्या काळात २००५ ते २००९ सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये डीन. २०१९ मध्ये म्युनिकला कॅन्सरने गेला, अवघा ५५ वर्षांचा होता.

माझं मत असं की त्याच्या बाबतीत क्युरेटर आणि शिक्षक ही दोन कामं वेगळी काढताच येत नाहीत, त्याची प्रदर्शनं हीच त्याची शिकवण्याची पद्धत होती. तर प्रश्न हा, की क्युरेटरने शिकवावं का? की चांगली कामं निवडावीत, नीट मांडावीत आणि बाजूला व्हावं? आणि दुसरं, अशी आडवाटेने केलेली कारकीर्द आज कुणाला जमेल का?

---

कोरा_कागद

वाचतोय. पण आधी कुणीतरी मला सांगा की क्युरेटर रोज उठून नक्की काय करतो? चित्रकार चित्र काढतो, गॅलरीवाला विकतो, हा मधला माणूस काय करतो ते मला खरंच कळलेलं नाही.

---

शिंपला

कोरा_कागद, मी बरीच वर्षं संग्रहालयात रजिस्ट्रार म्हणून काम केलं, म्हणजे क्युरेटर जे स्वप्न बघतो ते सुखरूप दारापर्यंत आणण्याचं काम माझं, त्यामुळे हे मी सांगू शकते. :)

क्युरेटर आधी विषय ठरवतो, मग कलाकारांच्या स्टुडिओत जाऊन तासन् तास बसतो, बोलतो, बघतो. यादी होते, ती शंभरदा बदलते. मग दुसऱ्या संग्रहालयांना, संग्राहकांना पत्रं, की अमुक काम उसनं द्याल का. मोठ्या संस्थांना हे वर्ष-वर्ष आधी कळवावं लागतं आणि कित्येकदा उत्तर नाही असंच येतं. हो आलं की इन्शुरन्स, तोही काम तिथल्या भिंतीवरून उतरल्यापासून परत तिथे लागेपर्यंतचा. पेटी आली की लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला सरावू द्यायची, साधारण एक दिवस. मग कंडिशन रिपोर्ट, आधीपासूनचा प्रत्येक ओरखडा लिहून ठेवायचा. कागदावरचं काम असेल तर प्रकाश अगदी मंद, ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास, त्यामुळे प्रेक्षक म्हणतात इथे अंधार का. भिंतीवरचा मजकूर, कॅटलॉगचे लेख, निधी मागणं, महापौरांच्या भाषणाची वेळ सांभाळणं, हे सगळं क्युरेटरच्याच डोक्यावर.

आणि समकालीन कलेत अजून एक गंमत म्हणजे कलाकार जिवंत असतो. काम अजून व्हायचं असतं. उद्घाटनाच्या आठवड्यापर्यंत नक्की काय येणार आहे ते कुणालाच माहीत नसतं, आणि तरी त्यासाठी खोली राखून ठेवायची, पैसे राखून ठेवायचे. तो विश्वास टाकता येणं हा क्युरेटरचा सगळ्यात मोठा गुण, असं मी इतक्या जणांबरोबर काम करून म्हणेन.

---

रानभूल

अनवट, छान धागा. कारकिर्दीतला एक टप्पा तुम्ही गाळलात आणि माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथेच आहे. ते म्हणजे नियतकालिक! १९९४ मध्ये त्यांनी सालाह हसन आणि चिका ओकेके-अगुलू यांच्याबरोबर 'न्का' हे समकालीन आफ्रिकी कलेचं नियतकालिक काढलं. तेव्हा न्यूयॉर्कच्या गॅलऱ्यांत आफ्रिका म्हणजे मुखवटे आणि लाकडी मूर्ती, त्याही कुणी केल्या त्याचं नाव नसलेल्या. लागोसमध्ये किंवा डाकारमध्ये आज कुणी काय काम करतंय हे लिहिणारं जवळपास कुणी नव्हतं, आणि ज्याच्यावर लिहिलेलं नाही ते संग्रहालयवाल्यांच्या लेखी अस्तित्वातच नसतं. म्हणजे त्यांनी प्रदर्शन भरवण्याच्या आधी ते वाचता येईल अशी जमीन तयार केली. दोनच वर्षांत, १९९६ ला, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आफ्रिकेतल्या ३० फोटोग्राफरांचं प्रदर्शन, त्यात ते सहक्युरेटर होते. सेदू केता, सॅम्युअल फोसो हे तिथे भिंतीवर नावानिशी होते. अनाम कारागीर म्हणून कुणी नव्हतं.

न्का अजून निघतं बरं का.

---

एक_वाटसरू

माझं मत थोडं वेगळं आहे. माणूस हुशार होता यात वाद नाही, पण "पदवीशिवाय एकट्याच्या जोरावर" ही गोष्ट सांगताना काळ विसरला जातोय. हवानाचं बिएनाले १९८४ ला सुरू झालं होतं. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू कलाकेंद्रात क्युरेटर जाँ-ह्युबेर मार्तांने पाश्चात्य आणि बिगर-पाश्चात्य कलाकार निम्मे-निम्मे घेऊन मोठं प्रदर्शन केलं, त्यावर कडाडून टीका झाली, आणि त्या टीकेतूनच पुढच्या पिढीला बोलायला जागा मिळाली. त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली. नव्वदच्या दशकात जगभर नवी बिएनाले निघत होती आणि त्या सगळ्यांना असे क्युरेटर हवे होते की जे दोन-तीन खंडांबद्दल अधिकाराने बोलू शकतील. दार आधीच किलकिलं झालं होतं. शिवाय तो न्यूयॉर्कमध्ये होता. तोच माणूस नायजेरियातल्या एनुगूत राहून तेच नियतकालिक काढता तर गुगेनहाइमने फोन केला असता का?

---

रानभूल

एक_वाटसरू, न्यूयॉर्कबद्दल सहमत. पण दार किलकिलं असताना हजारो लोक बाहेर उभे होते, आत जाऊन खोलीची रचना बदलणारे किती? १९९७ चं योहान्सबर्ग बिएनाले बघा. वर्णभेदाची राजवट संपून जेमतेम तीन वर्षं झालेली, आणि एन्वेझरनी एकट्याने सगळं न निवडता सहा प्रदर्शनं वेगवेगळ्या क्युरेटरांना दिली, क्यूबाचे हेरार्दो मोस्केरा, चीनमधून पॅरिसला गेलेले हौ हानरू, अमेरिकेच्या केली जोन्स वगैरे. विषय होता व्यापारी मार्ग. माणसं, माल, गुलाम, कल्पना कुठून कुठे गेल्या. त्या देशात, त्या वर्षी, हा विषय!

---

एक_वाटसरू

आणि ते बिएनाले पैशांअभावी ठरलेल्या तारखेच्या आधीच बंद करावं लागलं, पुढचं भरलंच नाही. तिथल्या बऱ्याच लोकांचं म्हणणं होतं की हे जगातल्या कलावर्तुळासाठी केलेलं आहे, शहरातल्या लोकांसाठी नाही. हे पण लिहा ना.

---

रानभूल

लिहायलाच हवं, आणि ती तक्रार रास्तच होती. घरात पाणी, वीज नाही अशा वस्त्या असलेल्या शहराने बिएनालेवर खर्च का करावा हा प्रश्न विचारणारे कलाद्वेष्टे नव्हते. पण तारीख बघा, याच्या पुढच्याच वर्षी डॉक्युमेंटाच्या निवड समितीने त्यांना निवडलं. म्हणजे बाहेरून फसलेलं दिसणारं काम जाणकारांनी वेगळ्या नजरेने पाहिलं होतं. मला यात धीर देणारं खूप काही दिसतं.

---

दूरदेशी

मी २००२ मध्ये जर्मनीत शिकत होतो आणि डॉक्युमेंटा ११ प्रत्यक्ष पाहिलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तोपर्यंत मला कलेतलं ओ की ठो कळत नव्हतं, मित्रांनी ओढून नेलं. कासेलमध्ये फ्रिडेरिशियानुम हे मुख्य संग्रहालय, पण त्याशिवाय जुन्या बिंडिंग ब्रुअरीच्या प्रचंड इमारतीत खोल्यांमागून खोल्या होत्या. त्यातल्या एका अंधाऱ्या खोलीत ब्रिटिश कलाकार स्टीव्ह मॅक्वीनची 'वेस्टर्न डीप' ही फिल्म चालू होती. सुरुवातीला पडदा जवळजवळ काळा, नुसता पिंजऱ्यासारख्या लिफ्टचा खडखडाट, आणि ती लिफ्ट खाली जातेय, जातेय, जातच राहते. दक्षिण आफ्रिकेतली टाउटोना ही सोन्याची खाण, तीन किलोमीटरपेक्षा जास्त खोल. मध्येच क्षणभर उजेड पडतो आणि खाणकामगारांचे चेहरे दिसतात, परत अंधार. एकाही शब्दाचं निवेदन नाही. बाहेर आलो तेव्हा सोन्याच्या किमतीबद्दल, वर्णभेदाबद्दल मला कुणी व्याख्यान दिलं नव्हतं, पण माझ्या अंगात ते शिरलं होतं.

दुसरं काम झरीना भीमजींचं. त्या युगांडात जन्मलेल्या, इदी अमीनने १९७२ मध्ये आशियाई लोकांना हाकललं त्या समाजातल्या. त्यांच्या फिल्ममध्ये माणूस जवळपास नाहीच, नुसती हिरवी टेकडी, धूर, ओसाड खोल्या, विमानतळ. माझ्या शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या त्या फिल्म संपल्यावर परत सुरुवातीपासून बघायला थांबल्या.

तर अनवट, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हो. तिथे मी शिकलो. पण ते शिकवणं भिंतीवरच्या मजकुरातून झालं नाही, कुठल्या कामानंतर कुठलं काम बघायला मिळतं त्यातून झालं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना मनात जे जुळत जातं ते कुणीतरी आधी विचार करून ठेवलेलं होतं.

---

जुईली

@दूरदेशी काय लिहिलंय! काटा आला अंगावर.

---

तळटीप

दूरदेशी यांनी कासेलचं लिहिलं, पण डॉक्युमेंटा ११ कासेलमध्ये सुरू झालंच नव्हतं. एन्वेझर यांनी त्याचे पाच प्लॅटफॉर्म केले आणि कासेलचं प्रदर्शन हा पाचवा. आधीचे चार म्हणजे चर्चा, व्याख्यानं, कार्यशाळा: व्हिएन्ना आणि बर्लिनमध्ये लोकशाहीवर, नवी दिल्लीत सत्यशोधन आयोग आणि न्यायावर, कॅरिबियनमधल्या सेंट लुशियात क्रिओल (वेगवेगळ्या वंशांच्या, भाषांच्या मिसळीतून झालेल्या) संस्कृतींवर, लागोसमध्ये चार आफ्रिकी शहरांवर (फ्रीटाउन, योहान्सबर्ग, किन्शासा आणि लागोस स्वतः).

दिल्लीचा भाग मे २००१ मध्ये इंडिया हॅबिटॅट सेंटरला झाला आणि त्याला नाव दिलं होतं 'सत्याचे प्रयोग'. दक्षिण आफ्रिकेने सूड न घेता आणि विसरूनही न जाता अत्याचारांची जाहीर साक्ष ऐकण्याचा मार्ग निवडला, तो कितपत न्याय्य, अशी चर्चा दिल्लीत गांधींचे शब्द डोक्यावर घेऊन करणं हे सोपं धाडस नाही. भाषणांबरोबर माहितीपट आणि व्हिडिओही दाखवले गेले.

पुढे कासेलमध्ये भारतातून रक्स मीडिया कलेक्टिव्ह हा दिल्लीचा कलाकारांचा गट, अमर कंवर, रवी अग्रवाल होते. अमर कंवर यांची फिल्म वाघा सीमेवरच्या संध्याकाळच्या कवायतीपासून सुरू होते. डॉक्युमेंटाच्या टीममध्ये सरत महाराज होते, दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनमध्ये जन्मलेले, भारतीय वंशाचे आणि आयुष्यभर प्राध्यापक. उटे मेटा बाउअर याही त्यात होत्या, त्या तेव्हा व्हिएन्नाच्या कला अकादमीत शिकवत होत्या आणि नंतर अमेरिकेत, लंडनला, सिंगापूरला शिकवत राहिल्या. म्हणजे ती टीमच शिक्षकांची होती असं म्हणायला हरकत नाही.

---

एक_वाटसरू

तळटीप, माहितीबद्दल आभार, पण माझा आक्षेप नेमका यावरच आहे. कासेलला साडेसहा लाखांच्या आसपास लोक आले. त्यातले किती जण दिल्लीच्या किंवा सेंट लुशियाच्या चर्चेला होते? प्रदर्शनाचा पाया अशा चार ठिकाणी घालायचा की जिथे बहुतेक प्रेक्षक पोचूच शकत नाहीत, आणि मग त्यांच्या हातात जाडजूड ग्रंथ द्यायचे, हे शिकवणं कुणाला? मी स्वतः अशा पद्धतीची नंतरची बरीच प्रदर्शनं बघितलीत, अंधाऱ्या खोल्यांत तासन् तासाच्या फिल्म, प्रत्येकीपुढे एक बाक, आणि माणूस दारातून डोकावतो, दोन मिनिटं थांबतो, पुढे जातो. सगळ्या फिल्म पूर्ण बघायच्या तर शंभर दिवस तिथेच मुक्काम करावा लागेल. चित्रासमोर मी माझ्या वेळेने उभा राहतो, फिल्म माझा वेळ ठरवते. क्युरेटरने हे लक्षात घ्यायला नको का?

---

दूरदेशी

एक_वाटसरू, फिल्मच्या वेळेबद्दल १०० टक्के सहमत, मीही बऱ्याच अर्धवट सोडल्या. पण पाया दूर घातला म्हणून चूक हे मला पटत नाही. आधी काय व्हायचं? सगळं जग कासेलला यायचं. या माणसाने म्हटलं की आधी कासेल जगाकडे जाईल. त्याची किंमत कासेलच्या प्रेक्षकाने थोडी मोजली, ठीक आहे, लागोसच्या प्रेक्षकाने तोपर्यंत कायमच मोजली होती.

---

काळीपाटी

मी शाळेत कला शिकवते. प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं.

एन्वेझरांचं २००८ मधलं न्यूयॉर्कचं 'आर्काइव्ह फीव्हर' हे प्रदर्शन माझ्या शिकवण्यात रोज कामाला येतं, आणि मी ते फक्त फोटोंत आणि कॅटलॉगमध्ये बघितलंय. इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीच्या भिंती साध्या प्लायवूडने झाकल्या होत्या, गोदामात आल्यासारखं वाटावं म्हणून. त्यात हान्स-पेटर फेल्डमान यांचं एक काम होतं: १२ सप्टेंबर २००१ ची जगभरातली सुमारे शंभर वर्तमानपत्रं, फक्त पहिली पानं, ओळीने लावलेली. बस. कलाकाराने एक रेघ काढलेली नाही. पण बघता बघता कळतं की तेच दोन-तीन फोटो सगळीकडे आहेत, भाषा बदलतेय, मथळा बदलतोय, फोटोचा आकार बदलतोय, आणि ते बदल पाहिले की त्या त्या देशाला काय वाटलं ते दिसायला लागतं.

मी मुलांना एकाच दिवसाची वेगवेगळी वर्तमानपत्रं आणायला सांगते आणि जमिनीवर पसरते. मी काही बोलत नाही. पहिली काही मिनिटं गोंधळ, मग एखादी मुलगी म्हणते, बाई, याच्यात हा माणूस कापून टाकलाय. तिथून पुढे तास मुलंच चालवतात. चौकटीबाहेर काय ठेवलंय हे ओळखायला आलं की चित्रकलेचा अर्धा अभ्यासक्रम झाला.

एक_वाटसरू यांचा मुद्दा बरोबर आहे की जाड ग्रंथ सगळ्यांपर्यंत पोचत नाहीत. पण प्रदर्शनाचं शिकवणं प्रेक्षकापाशीच थांबत नाही ना, ते असं आमच्यासारख्यांच्या हातून पुढे झिरपतं.

---

कोरा_कागद

शिंपला, उत्तराबद्दल खूप आभार, आता चित्र स्पष्ट झालं. काळीपाटी, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं.

---

शिंपला

काळीपाटी, वा! त्याच डॉक्युमेंटातलं अजून एक उदाहरण आठवलं. थॉमस हिर्शहॉर्नने कासेलच्या उत्तर भागातल्या एका वसाहतीत, जिथे बरीच तुर्की कुटुंबं राहायची, तिथल्याच रहिवाशांना मजुरी देऊन लाकूड, प्लास्टिक, चिकटपट्टीने एक स्मारक उभं केलं. त्यात ग्रंथालय, छोटा टीव्ही स्टुडिओ, खाण्याचा स्टॉल. स्वतः सगळे दिवस तिथेच राहिला. रजिस्ट्रार म्हणून माझा जीव नुसता कल्पनेनेच घाबरा होतो, याचा कंडिशन रिपोर्ट काय लिहायचा! पण मुख्य इमारतींपासून लांब असं काहीतरी करायला कलाकाराला पाठिंबा देणं हेही क्युरेटरचंच काम.

---

उनाडवारा

अवांतर: २०१५ च्या व्हेनिसमध्ये कार्ल मार्क्सचं 'दास कापिताल' रोज मोठ्याने वाचत होते म्हणे, सात महिने? हे खरं आहे का?

---

तळटीप

खरं आहे. जियार्दिनी या बिएनालेच्या बागेतल्या मुख्य दालनात वास्तुरचनाकार डेव्हिड ॲजाय यांनी आखलेला 'अरेना' नावाचा रंगमंच होता, वाचनाचं दिग्दर्शन कलाकार-फिल्मकार आयझॅक ज्युलियन यांचं.

---

उनाडवारा

म्हणजे पारायणच की! :)

---

एक_वाटसरू

पारायणाला निदान श्रोते भाविक असतात. उद्घाटनाच्या आठवड्यात बाहेर कालव्यात संग्राहकांच्या नौका लागलेल्या आणि आत भांडवलावर वाचन, हा विरोधाभास तेव्हाही अनेकांनी दाखवला होता.

---

अनवट

एक_वाटसरू, तो विरोधाभास त्याला दिसत नसेल असं मला वाटत नाही, नौका तिथे आहेत म्हणूनच ते पुस्तक तिथे वाचायचं! ज्यांना ते ऐकायला नकोय त्यांच्याच अंगणात. आणि आकडे बघा, ५३ देशांतले १३६ कलाकार, त्यातले ८९ त्या मुख्य प्रदर्शनात पहिल्यांदाच. जीवनगौरवाचा सुवर्णसिंह (बिएनालेचा सर्वोच्च पुरस्कार) एल अनात्सुई यांना मिळाला, ते घानात जन्मलेले आणि नायजेरियात न्सुका विद्यापीठात अनेक दशकं शिल्पकला शिकवणारे. बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं तारेने जोडून भिंतभर लवलवणारं वस्त्र करतात ते.

---

रानभूल

अनवट, आणि एन्वेझरांचं अखेरच्या काळातलं मोठं प्रदर्शन अनात्सुईंचंच. म्युनिकला मार्च २०१९ मध्ये उघडलं, आठवड्याभरात एन्वेझर गेले.

---

दूरदेशी

म्युनिकचा विषय निघालाच आहे तर. तिथल्या हाउस देर कुन्स्ट या कलादालनाचे ते २०११ ते २०१८ संचालक होते. ही इमारत हिटलरने बांधून घेतलेली, १९३७ मध्ये 'महान जर्मन कला' दाखवायला उघडली, आणि त्याच सुमारास जवळच दुसऱ्या ठिकाणी आधुनिक कलाकारांची 'अधःपतित कला' म्हणून बदनामी करणारं प्रदर्शन लावलं होतं. त्या इमारतीचा प्रमुख एक नायजेरियन माणूस! त्यांनी काय केलं तर त्या इतिहासावरच प्रदर्शन केलं आणि इमारतीचे जुने कागद, फोटो कायम बघता येतील अशी आर्काइव्ह गॅलरी सुरू केली. मी तिथे पुष्कळदा गेलोय, दगडी खांबांच्या रांगेतून आत जाताना अजूनही दडपण येतं आणि मग आत ते कागद बघितले की ते दडपण कुठून येतं ते समजतं.

२०१६ चं 'पोस्टवॉर' तिथलंच. १९४५ ते १९६५ ची कला, ६५ देशांतले २१८ कलाकार. त्या काळाचा इतिहास आपण न्यूयॉर्क आणि पॅरिसचा म्हणून वाचलेला असतो, इथे भारत, इराक, नायजेरिया, जपान, ब्राझील एकाच भिंतीवर. शेवटच्या काळात संस्थेचे पैसे आटले आणि त्यावरून बरीच टीका झाली, हेही नोंदवायला हवं. एवढी मोठी प्रदर्शनं महाग असतात. २०१८ मध्ये तब्येतीमुळे त्यांनी पद सोडलं.

---

एक_वाटसरू

डीन असण्याबद्दल कुणीच बोललं नाही. २००५-०९ सॅन फ्रान्सिस्कोत डीन, आणि त्याच काळात २००६ ला सेव्हिल बिएनाले, २००८ ला ग्वांगजू बिएनाले, न्यूयॉर्कला आफ्रिकी फोटोग्राफीचं प्रदर्शन, आर्काइव्ह फीव्हर. माणूस विमानातच असणार. विद्यार्थ्यांच्या वाट्याला काय आलं? शिक्षक म्हणून त्याला एवढं डोक्यावर घेताना हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. शिकवायला हजर असावं लागतं.

---

काळीपाटी

हा प्रश्न मलाही टोचतो. वर्गातल्या शिक्षिकेला ही चैन नसते. पण डीनचं काम वर्गात उभं राहण्याचं कमी आणि कोण शिकवणार, काय शिकवणार हे ठरवण्याचं जास्त. योहान्सबर्गला त्यांच्याबरोबर असलेले हौ हानरू २००६ मध्ये तिथे आले, प्रदर्शनं आणि म्युझियम स्टडीज दोन्ही बघायला. म्हणजे विद्यार्थ्यांना असा माणूस मिळाला ज्याने स्वतः बिएनाले उभं केलंय. हजेरीची भरपाई त्याने पूर्ण होते असं मी म्हणणार नाही, पण ते देणं लहानही नाही. वाईट याचं वाटतं की १८७१ पासूनची ती संस्था २०२२ मध्ये बंदच पडली.

---

तळटीप

ग्वांगजूचा उल्लेख आला म्हणून. दक्षिण कोरियातलं हे बिएनाले १९९५ ला सुरू झालं, १९८० च्या तिथल्या लोकशाही उठावाच्या स्मृतीशी जोडलेलं. २००८ ला एन्वेझर यांच्याबरोबर सहक्युरेटर होते ह्युनजिन किम आणि आपले मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे. पुढे २०११ मध्ये व्हेनिसला भारताचं दालन होस्कोटे यांनीच केलं. म्हणजे कवितेतून क्युरेटिंगकडे येणारे एन्वेझर एकटे नाहीत! कवीला दोन ओळींमध्ये मोकळी जागा किती सोडायची ते कळतं, ते भिंतीवर उपयोगी पडत असावं.

---

पुस्तकवेडी

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझी भाची परदेशात कलेचा इतिहास शिकतेय आणि तिला क्युरेटिंगमध्ये मास्टर्स करायचंय. घरचे विचारतायत की पदवीशिवाय लोक डॉक्युमेंटापर्यंत जातात तर एवढा खर्च कशाला. मी काय सांगू त्यांना?

---

शिंपला

पुस्तकवेडी ताई, एन्वेझरांच्या वेळी असे कोर्स नुकतेच निघत होते. ग्रेनोब्लचा १९८७, लंडनच्या रॉयल कॉलेजचा १९९२, ॲमस्टरडॅमच्या दे आपेलचा १९९४. त्यामुळे तेव्हा पदवी नसणं हे नवल नव्हतं. झेमान स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कलादालनाचे संचालक झाले तेव्हा तर ही वाटच नव्हती. आज मोठ्या संग्रहालयाच्या साध्या असिस्टंटच्या जागेलाही बऱ्याचदा मास्टर्स मागतात. त्यामुळे घरच्यांना "पदवी लागत नाही" असं सांगू नका, ते आज खरं राहिलेलं नाही.

पण भाचीला हेही सांगा की कोर्सला प्रवेश घेण्याआधी एकदा प्रदर्शन लावणाऱ्या टीमबरोबर हाताने काम कर. मी असे क्युरेटर पाहिलेत ज्यांना आपण मागवलेलं शिल्प दारातून जात नाही हे ट्रक आल्यावर कळतं. आणि पगार कमी असतात, कामं बरीच कंत्राटी असतात, हे लपवू नका तिच्यापासून.

---

रानभूल

शिंपला यांना अनुमोदन, आणि एक भर. एन्वेझरांकडे पदवी नसली तरी अभ्यास नव्हता असं नाही, उलट अभ्यासच जास्त होता. वसाहतवाद, स्वातंत्र्यलढे, फोटोग्राफीचा इतिहास, त्यावर ते आयुष्यभर परत परत आले. २००१ चं म्युनिकचं प्रदर्शन बघा, आफ्रिकेतल्या स्वातंत्र्य चळवळी, १९४५ ते १९९४. मग २०१२ चं वर्णभेदाच्या छायाचित्रणाचं, सुमारे ५०० फोटो, जे दोन वर्षांनी योहान्सबर्गलाही नेलं. तोच प्रश्न, तीच माणसं, दरवेळी जास्त खोल. भाचीचा असा एखादा प्रश्न आहे का, ज्याच्यावर ती दहा वर्षं काम करेल? तो विचारा.

---

पुस्तकवेडी

विचारलं लगेच! ती म्हणाली, कापडाचा व्यापार, रंग आणि नक्षी एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर कशी गेली. मला वाटलं नव्हतं इतकं पटकन उत्तर येईल.

---

दूरदेशी

मग तिला झरीना भीमजी दाखवाच, त्या किनाऱ्यांवरच काम करतात. आणि एल अनात्सुई, झाकणं असली तरी ते शेवटी कापडच आहे.

---

अनवट

मस्त! धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येते. एक_वाटसरू, तुमच्या आक्षेपांमुळे माझं मत बदललं नाही पण नेमकं झालं. क्युरेटरने शिकवावं, पण प्रेक्षकाला किती वेळ आहे आणि तो कुठून येतोय याचा हिशेब धरून. डॉक्युमेंटा ११ मध्ये तो हिशेब काही ठिकाणी चुकला असं आता मीही म्हणेन.

अजून एक गोष्ट मला फार मोठी वाटते. तो गेल्यावर त्याची दोन प्रदर्शनं इतरांनी पूर्ण केली. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियममध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या शोकावरचं, ते नाओमी बेकविथ, मासिमिलियानो जियोनी, ग्लेन लायगन आणि मार्क नॅश यांनी. आणि २०२३ चं शारजा बिएनाले, त्याची संकल्पना त्याची, काम हूर अल कासिमी यांनी तडीस नेलं. दुसऱ्या कुणाला हातात घेऊन पुढे नेता येईल इतकं स्पष्ट काम त्याने करून ठेवलं होतं. शिक्षक म्हणते ती मी यासाठी.

---

एक_वाटसरू

न्यू म्युझियमचं मुद्द्याचं आहे, मान्य. लायगन तर स्वतः कलाकार, म्हणजे ज्याचं काम भिंतीवर लागायचं त्यानेच क्युरेटरचं काम उचललं. यावर वाचायला आवडेल, काही सुचवाल?

---

तळटीप

त्या प्रदर्शनाचा कॅटलॉगच घ्या, एन्वेझर यांचा निबंध त्यात आहे. न्काचे जुने अंक विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून मिळतात, पुस्तकवेडी ताईंच्या भाचीला ते सहज उघडता येतील, तिने सुरुवातीच्या वर्षांच्या अंकांपासून सुरू करावं, संपादकीयं आधी.